डॉक्टरांनी उंची का विचारली?



या खेपेला अनेक पत्रे बाजूला ठेवून एकाच पत्राला उत्तर देणार आहे. पत्र शिराळा तालुक्यातल्या एका भगिनीचे आहे. नावगाव छापत नाही. मजकूर थोडा आवरता घेऊन देतो.

"डॉक्टरसाहेब, श्रावणात माझ्या धाकट्या भावाला झोपेत पान लागलं. कधी चावला ते कळलंच नाही. पहाटे पोटात कळ आली, मग बोलणं बोबडं झालं, पापण्या मिटायला लागल्या. मोठ्या दवाखान्यात नेईस्तोवर श्वास थांबत आला होता. डॉक्टरांनी नळी घालून मशीन लावली. बाहेर येऊन पहिला प्रश्न काय विचारला, तर याची उंची किती? आमचे चुलते चिडले. म्हणाले, माणूस मरायला टेकलाय, ह्याला काय पलटणीत भरती करायचाय? दोन तासांनी ऑक्सिजनचा आकडा शंभरावरून चाळिसावर आणला. तेव्हा तर भांडणच झालं. पैसे भरले नाहीत म्हणून कमी केला काय, असं आम्ही तोंडावर बोललो. भाऊ दहाव्या दिवशी पायांनी चालत घरी आला. आता त्या बोलण्याचं वाईट वाटतं. त्यांनी उंची का विचारली आणि ऑक्सिजन का कमी केला, ते सांगाल का? आणि आता त्याला रात्री उसाला पाणी पाजायला धाडावं का?"

ताई, तुमचे पत्र वाचून मला माझा जुना दिवस आठवला. आधी तो सांगतो, म्हणजे पुढचे सोपे जाईल.

मी नवा डॉक्टर असताना पाटणच्या खोऱ्यातून एका पोराला जीपमधून कराडला नेले होते. त्यालाही मण्यारच चावली होती. वाटेत त्याचा श्वास बंद पडला. माझ्याजवळ यंत्र नव्हते, तोंडावर मुखवटा धरून हवा देण्याचा रबरी फुगा होता. दवाखाना येईपर्यंत मी तो दाबत राहिलो. जितका जोर लावू तितका पोरगा लवकर शुद्धीवर येईल, अशा समजुतीने दोन्ही हातांनी, भराभर, जीव खाऊन दाबत होतो. कराडला गाडीतून उतरवून घेणाऱ्या वडीलधाऱ्या डॉक्टरांनी माझ्या हातावर हलकेच थाप मारली आणि म्हणाले, "सावकाश. त्याचं फुप्फुस आहे, ट्रॅक्टरची ट्यूब नव्हे."

पोरगा वाचला. पण त्याहून लक्षात राहिली ती त्याने नंतर सांगितलेली गोष्ट. जीपमध्ये त्याच्या उशाला बसलेले नातेवाईक बोलत होते, की आता काही अर्थ नाही, गाडी वळवा, घरीच नेऊ, सरपणाची व्यवस्था करायला कुणाला तरी पुढे धाडा. ते सगळे त्याने ऐकले होते. डोळे उघडता येत नव्हते, बोट हलवता येत नव्हते, श्वास घेता येत नव्हता, पण कान जागे होते.

मण्यारीच्या विषाचा हा प्रकार नीट समजून घ्यावा. हे विष मेंदू मारत नाही, फुप्फुसही नासवत नाही. मज्जातंतूची टोके जिथे स्नायूला निरोप देतात तिथे ते घाव घालते. निरोप पोहोचला नाही की स्नायू लुळे पडतात. आधी पापण्या, मग जीभ व घसा, मग मान, आणि शेवटी छातीचा भाता चालवणारे स्नायू. डोळ्यावर बॅटरी मारली तरी बाहुली हलत नाही, म्हणून माणूस गेला असे वाटते. तो गेलेला नसतो. प्रतिविषाचे इंजेक्शन, ज्याला आपण सापाची लस म्हणतो, ते रक्तात फिरणारे विष निकामी करते व ते लवकर मिळालेच पाहिजे. पण मण्यारीच्या विषाने जी टोके एकदा मोडली ती लस पुन्हा जोडत नाही. ती शरीर स्वतः नव्याने उगवते, आणि त्याला दोन दिवसांपासून आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. तेवढा काळ त्याच्या वतीने कुणीतरी श्वास घेतला पाहिजे. हे काम यंत्राचे.

"व्हेंटिलेटरवर टाकला म्हणजे संपला" हे वाक्य कोविडच्या २०२० आणि २०२१ सालांत आपल्या साताऱ्या-सांगलीच्या गावागावांत रुजले. त्यात लोकांचा दोष नाही, कारण तेव्हा यंत्रावर गेलेले पुष्कळजण परत आले नाहीत. पण त्यांची फुप्फुसेच आजाराने निकामी झाली होती. मण्यार चावलेल्या माणसाची फुप्फुसे धडधाकट असतात. पंप चांगला आहे, फक्त लाइट गेली आहे. लाइट येईपर्यंत जनरेटर चालवायचा.

माणसाच्या वतीने श्वास घेण्याची ही विद्या आजच्या रूपात फार जुनी नाही. १९५२ साली आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून कुस्तीचे ऑलिंपिक ब्राँझ पदक घेऊन आले. त्याच वर्षी डेन्मार्क देशात कोपनहेगन शहरी पोलिओची मोठी साथ आली. ज्यांचा घसा आणि श्वास लुळा पडला अशा पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. तेव्हाची यंत्रे म्हणजे रोग्याला मानेपर्यंत लोखंडी पिंपात घालून छाती बाहेरून खेचायची. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली आणि रबरी फुग्याने हाताने हवा आत दिली. मुलगी वाचली. मग काय, वैद्यकीय महाविद्यालयातली सुमारे दीड हजार मुले-मुली पाळीपाळीने रोग्यांच्या उशाला बसून आठवडेच्या आठवडे फुगे दाबत राहिली. एके वेळी सत्तरजणांचा श्वास असा हाताने चालू होता. पुढे मृत्यूचे प्रमाण चारात एक इतके खाली आले. आज अतिदक्षता विभाग म्हणून जो काचेचा दरवाजा आपण बाहेरून बघतो, त्याचा पाया त्या मुलांच्या दुखऱ्या मनगटांवर घातला गेला आहे.

तेव्हा ताई, आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो.

आपण श्वास घेतो तेव्हा छातीचा भाता उघडतो आणि हवा आपसूक आत ओढली जाते. यंत्राचे उलटे आहे. ते बाहेरून हवा आत ढकलते, सायकलच्या ट्यूबमध्ये पंपाने भरावी तशी. म्हणून किती भरायची याला महत्त्व आहे. कमी भरली तर रक्तातला दूषित वायू बाहेर पडत नाही. जास्त भरली तर फुप्फुसातले द्राक्षाच्या घडासारखे लाखो बारीक फुगे ताणून सुजतात, कधी फाटतात. यंत्र लावल्यावर डॉक्टरांना पहिला आकडा भरावा लागतो तो हाच, की एका श्वासाला किती मिली हवा.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या अंगाच्या माणसाला जास्त आणि हडकुळ्याला कमी, म्हणजे वजन विचारा. इथेच गफलत होते. कुंडलच्या मैदानातला एकशेदहा किलोचा पैलवान घ्या आणि माणदेशातला पन्नास किलोचा मेंढपाळ घ्या. दोघांची उंची साडेपाच फूट असेल तर दोघांचे फुप्फुस जवळजवळ सारखेच असते. खुराकाने मांड्या, दंड, पोट वाढते. फुप्फुस वाढत नाही. ते हाडांच्या सांगाड्याबरोबर, म्हणजे उंचीबरोबर वाढते आणि वाढीचे वय संपले की थांबते. म्हणून डॉक्टर उंचीवरून एक हिशेबी वजन काढतात. हिशेब सोपा आहे. पुरुषाला पाच फुटांना ५० किलो, बाईला साडेपंचेचाळीस, आणि पुढच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो. तुमचा भाऊ पाच फूट पाच इंच आहे असे धरू. त्याचे हिशेबी वजन साडेएकसष्ट किलो झाले, मग तो खरोखर पंचावन्नचा असो की नव्वदचा. मण्यारीच्या रोग्याची फुप्फुसे चांगली, म्हणून त्याला दर किलोला सातआठ मिली चालते. आठने गुणले तर एका श्वासाला ४९० मिली. दूध डेअरीतले अर्ध्या लिटरचे माप डोळ्यांसमोर आणा. त्याला दहा मिली कमी. माणसाचा शांतपणे घेतलेला एक श्वास एवढाच असतो.

बायकांच्या बाबतीत ही चूक जास्त होते, म्हणून मुद्दाम लिहितो. पाच फूट उंचीची, अंगाने भरलेली सत्तर किलोची माउली आहे. कुणी नुसत्या नजरेने सत्तर किलो धरून हिशेब केला तर तिला ५६० मिली हवा जाईल. उंचीवरून केला तर ३६४. म्हणजे दीडपट भर. बुटक्या माणसांना, आणि त्यातही बायकांना, यंत्रावर गरजेपेक्षा मोठा श्वास दिला जातो, असे परदेशातल्या पाहण्यांत दिसून आलेले आहे.

पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळीच या बाबतीत चुकत होतो, हेही कबूल केले पाहिजे. दर किलोला दहा ते पंधरा मिली देण्याची रीत होती. भरपूर हवा, भरपूर फायदा, असा सरळ हिशेब. मी जीपमध्ये केला तोच. अमेरिकेत ८६१ रोग्यांवर याची कसोटी घेऊन २००० साली निकाल छापला गेला. हे रोगी फुप्फुसे फार बिघडलेले होते. काहींना किलोमागे १२ मिली दिली, काहींना ६. बारावाल्यांतले शंभरी सुमारे चाळीस दगावले, सहावाल्यांतले एकतीस. औषध तेच, यंत्र तेच, फक्त श्वास लहान. तेव्हापासून बिघडलेल्या फुप्फुसाला किलोमागे सहा मिली हे माप जगभर धरले जाते. तुमच्या डॉक्टरांनी बाहेर येऊन उंची विचारली ती यासाठी. खाटेवर आडव्या माणसाची उंची टेपने मोजता येते आणि मोजावीच; पण धावपळीत घरच्या माणसाने चटकन सांगितली तर मदतच होते.

श्वास किती मोठा हे ठरले की मिनिटाला किती वेळा ते ठरते. तुमच्या भावासारख्याला बारा ते सोळा. चौदा धरले तर ४९० गुणिले १४, म्हणजे मिनिटाला सुमारे सात लिटर हवा. आत घ्यायला एक भाग वेळ, बाहेर सोडायला दोन भाग.

नंतर एक आकडा असतो तो आपल्या लोकांना चटकन समजतो. श्वास बाहेर सोडल्यावर फुप्फुस अगदी रिकामे होऊ द्यायचे नाही, थोडा दाब आत राखायचा. विहिरीतल्या पाइपाच्या तळाला आपण फुटबॉल कशाला बसवतो? मोटार थांबली तरी पाइपातले पाणी उतरू नये म्हणून. ते उतरले की पुढच्या वेळी पुन्हा पाणी भरा, हवा काढा, सगळी कटकट. फुप्फुसातले बारीक फुगे एकदा मिटले की पुन्हा उघडायला जास्त जोर लागतो, आणि दर श्वासाला उघडमीट झाली तर ते झिजतात. म्हणून यंत्रावर पाण्याच्या पाच सेंटिमीटर उंचीइतका दाब कायम राखून सुरुवात करतात. पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंच. फुप्फुस किती नाजूक आहे ते यावरून ओळखा. विहिरीवरच्या पंपाचे हेड आपण शंभर-दीडशे फुटांत बोलतो. इथे पूर्ण श्वास भरल्यावर फुप्फुसातला दाब पाण्याच्या तीस सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा दंडक आहे. म्हणजे एक फूट हेड.

आता ऑक्सिजन. तुमचे भांडण झाले ते यावरून. आपण रोज घेतो त्या हवेत ऑक्सिजन शंभरात एकवीस भाग असतो. नळी घालताना काही क्षण श्वास थांबणार असतो, तेव्हा शिदोरी म्हणून शुद्ध, शंभर टक्के ऑक्सिजन देतात. यंत्र लागले, बोटाच्या चिमट्यावरचा आकडा चांगला आला, की तो उतरवतात. चिमट्यावर ९२ ते ९६ च्या आसपास राहिले म्हणजे पुरे. तुमच्या भावाला चाळिसावरच ते मिळत होते. शंभर देत राहिले असते तर नफा काहीच नव्हता, उलट फुप्फुसाला इजा होते. उसाला युरियाचे एक पोते लागते तिथे चार ओतली तर काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. ऑक्सिजनचा आकडा भराभर खाली येतो आहे ही अतिदक्षता विभागातली सर्वांत चांगली बातमी असते. भीती वाटायची ती तो वर चढू लागला तर. मात्र हे कुणीतरी बाहेर येऊन दोन वाक्यांत सांगायला हवे होते. माझ्या जातभाईंचे तिथे चुकते.

हे सगळे पहिले आकडे म्हणजे पेरणीचा अंदाज असतो. अर्ध्यापाऊण तासाने मनगटाच्या नाडीतून थोडे रक्त घेऊन तपासतात. त्यात दूषित वायू जास्त निघाला तर श्वासांची संख्या वाढवायची, कमी निघाला तर उतरवायची. मनगटात सुई टोचली की नातेवाईक हळहळतात. पण त्या रक्तावाचून डॉक्टर अंधारात असतो.

तुमच्या भावाचे आकडे सोपे होते, कारण पंप चांगला होता. सगळ्यांचे तसे नसते, आणि इथे घरच्या माणसाच्या माहितीला किंमत येते. तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागा, खाली कृष्णाकाठी ऊस आणि भाजीपाला. फवारणीचे औषध अंगावर किंवा पोटात गेले म्हणून येणारे रोगी आमच्याकडे कमी नाहीत. त्यातल्या बऱ्याच कीटकनाशकांनी छातीत पाझर फुटतो. फुप्फुस थुंकीने आणि पाण्याने भरते, वर स्नायूही थकतात. तिथे नुसते यंत्र लावून भागत नाही. अॅट्रोपिनची इंजेक्शने देऊन पाझर आटवावा लागतो, नळीतून वारंवार ओढून काढावे लागते, सुरुवातीला ऑक्सिजन आणि आतला दाब दोन्ही जास्त ठेवावे लागतात. आणि एक फसवी गोष्ट. एकदोन दिवसांनी रोगी सुधारला, बोलू लागला, घरचे निघायची तयारी करतात, आणि चोवीस ते शहाण्णव तासांच्या मधे त्याची मान उशीवरून उचलेनाशी होते. ती श्वास पुन्हा बंद पडण्याची सूचना असते. म्हणून अशा रोग्याला "आता बरा दिसतोय" म्हणून हट्टाने घरी नेऊ नये. काही तणनाशके तर अशी आहेत की त्यांच्यात जादा ऑक्सिजन देणेच घातक. तेव्हा कुठले औषध होते हे कळण्यासाठी डबा किंवा बाटली, निदान तिच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो, रोग्याबरोबर आलाच पाहिजे. "कसलं तरी किड्याचं औषध" एवढ्याने डॉक्टरांचे काम होत नाही.

जन्मभर चुलीच्या धुराने किंवा विडीने छाती गेलेली म्हातारी माणसे, दमेकरी, यांचे दुखणे वेगळे. त्यांना हवा आत घेता येते, बाहेर सोडता येत नाही. त्यांना यंत्राने भराभर श्वास दिला तर पहिला बाहेर पडायच्या आत दुसरा आत शिरतो आणि छाती फुगत जाते. म्हणून मिनिटाला दहाबारा श्वास, आणि बाहेर सोडायला आत घेण्याच्या चौपट वेळ. याच्या नेमके उलट, साखर फार वाढून रक्तात आम्ल झालेला मधुमेही. तो स्वतः मिनिटाला तीस-तीस वेळा धापा टाकत असतो, कारण तसे करूनच तो आम्ल बाहेर फेकत असतो. यंत्र लावून त्याला चौदावर आणला तर तासाभरात होत्याचे नव्हते होऊ शकते. आता सांगा, बेशुद्ध माणूस दारात आला आणि त्याला दमा आहे, साखर आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, हे कुणी सांगितलेच नाही, तर डॉक्टरांनी कोणता आकडा भरायचा?

तेव्हा गाडीत बसताना जुनी औषधांची पिशवी बरोबर घ्या. शेवटचे जेवण केव्हा झाले ते आठवून ठेवा. म्हाताऱ्या माणसाची कवळी काढा, गालात तंबाखू किंवा दाताला मिश्री असेल तर पुसून काढा. नळी घालताना ती श्वासनळीत जाते. साप चावला असेल तर किती वाजता चावला, पापण्या केव्हा जड झाल्या, हे सांगा. साप मारून आणायची गरज नाही, त्या नादात दुसऱ्याला चावतो. आवळून दोरी बांधणे, चिरणे, चोखणे नको. मांत्रिकाकडे गेलेला एक तास पुढे कुठल्याही यंत्राने भरून निघत नाही. १०८ नंबरला फोन करताना "सापाचा पेशंट आहे, पापण्या मिटतायत" असे स्पष्ट सांगा, म्हणजे श्वासाची सोय असलेली गाडी मागता येते. मोठ्या दवाखान्यात खर्चाची धास्ती वाटते तर तिथल्या आरोग्यमित्राला जनआरोग्य योजनेबद्दल पहिल्याच दिवशी विचारा. आणि घरात मुलांची उंची आपण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करून मोजतो, तशी एकदा मोठ्यांचीही मोजून रेशनकार्डाच्या पिशवीत एका कागदावर लिहून ठेवा. आजीची सुद्धा.

रोगी यंत्रावर असताना भेटायला सोडले तर त्याच्याशी बोला. गाय व्याली, पाऊस झाला, पोरगी पास झाली, असे घरचे बोला. तो उत्तर देणार नाही. पण त्याच्या उशाला बसून खर्चाचा हिशेब आणि रडारड करू नका. का, ते वर सांगितलेच आहे.

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न. भावाला अजून काही आठवडे हातापायांत अशक्तपणा वाटेल. अवजड काम एकदम देऊ नका, पण त्याला अधू समजून घरातही बसवू नका. शेतीपंपाची वीज रात्रीची मिळते तोवर पाणी पाजायला रात्री जावेच लागणार, हे मला ठाऊक आहे. जाताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात चांगली बॅटरी आणि पुढे आपटायला काठी. मात्र मण्यार बांधावर चावते त्याहून जास्त झोपेत चावते, जमिनीवर अंथरूण टाकलेल्या माणसाला. तुमच्या शिराळ्याकडे पोरसुद्धा नाग ओळखते, पण मण्यार ओळखत नाही. काळीभोर, अंगावर पांढऱ्या बारीक रेघांच्या जोड्या, त्या शेपटीकडे जास्त स्पष्ट. कवड्या साप तिच्यासारखाच दिसतो, म्हणून कवड्याच असेल असे म्हणून सोडून देऊ नये. तिचे दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज येत नाही, दुखतही नाही. पावसाळ्यात पहाटे पोटात कळ, उलटी आणि डोळे जड, एवढ्यावरून दवाखाना गाठायचा. भावाला खाटेवर झोपवा आणि मच्छरदाणी लावा. तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचा. आणि ज्या डॉक्टरांशी भांडलात, त्यांच्याकडे तपासणीला जाल तेव्हा भावालाच पुढे करा.